एका नाण्याखाली पाच गोळ्या

मार्चच्या अखेरीची गोष्ट. द्राक्षांची तोडणी संपत आली होती आणि मी नव्या लागणीत ठिबकचे चोंदलेले ड्रिपर बदलत होतो. पोलिसांची गाडी गेटातून आत आली ती अगदी हळू, धूळ न उडवता. त्यावरूनच मला समजायला हवं होतं, पण मला वाटलं शेजारच्या बागेतल्या मजुरांच्या व्हिसाचं काहीतरी असेल. हेदर नावाची कॉन्स्टेबल उतरली. ती आम्हाला ओळखत होती. रायफलची तिजोरी तपासायला अधूनमधून यायची आणि चहा घेऊन जायची. तिने टोपी काढली.

माझी बायको सुलोचना जवळच्या मिल्ड्युरा शहरात सामान आणायला गेली होती. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रॉलीतल्या पिशव्या गाडीत ठेवता ठेवता ती खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. अँब्युलन्स पोचायच्या आधीच सगळं झालं होतं.

हेदरने मला तिच्या गाडीत बसवून हॉस्पिटलात नेलं. वाटेत ती म्हणाली की रायफलचं नंतर बघू, आज त्याचा विचार करू नकोस. तोवर मला रायफल आठवलीही नव्हती.

रायफल सुलोचनाची होती, लायसन्स तिच्या एकटीच्या नावाचं. तिजोरीची किल्ली कुठे असते हे कायद्याने मला माहीत असता कामा नये. ती मेतकुटाच्या डब्यामागे असायची हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. पण मी ती किल्ली कधी उचलली नाही.

आम्ही मूळचे नाशिककडचे. माझ्या घरची द्राक्षं, दिंडोरी तालुक्यात. ती शहरातली, शाळेतल्या मास्तरांची मुलगी. कॉलेजात ती एन.सी.सी.त होती आणि रायफल चालवण्यात पहिली यायची. लग्न ठरवताना हे कोणी बोललं नव्हतं. लग्नानंतर एका जत्रेत तिने फुग्यांच्या स्टॉलवरचे फुगे एका ओळीने फोडले तेव्हा मला कळलं. फुगेवाला म्हणाला, वहिनी, आता पुढच्या स्टॉलवर जा.

स्वरदा, आमची मुलगी, सहा वर्षांची असताना मी देश सोडून इथे, ॲडलेडपासून चार-पाच तासांवर, एका मोठ्या बागेवर सुपरवायझर म्हणून आलो. पुढे रेड क्लिफ्सजवळ स्वतःची बाग घेतली. नवी लागण केली की इथे सशांचा त्रास सुरू होतो. संध्याकाळी कळपाने येतात आणि कोवळ्या वेलाची साल बुडाशी गोल सोलतात. वेल जागच्या जागी वाळतो. मी बुडाला प्लास्टिकच्या नळ्या लावल्या, कुंपण केलं, काही उपयोग झाला नाही. शेजारी म्हणाला, गोळी घालणारं कोणीतरी हवं. मी घरात बंदूक आणायला तयार नव्हतो. सुलोचना म्हणाली, तुम्ही आणू नका, मी आणते.

तिने कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं आणि आधी एक बोल्टची पॉइंट टू-टू रायफल घेतली. एक गोळी झाडली की खटका हाताने मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग दुसरी. तेवढ्यात बाकीचे ससे बिळात. दुसरी गोळी आपोआप भरली जाते ती सेमी-ऑटोमॅटिक इथे सहसा कोणाला मिळत नाही. शेतकऱ्याला मिळते, तीही गरज दाखवली तर. तिने सोललेल्या वेलांचे फोटो जोडून अर्ज केला. बऱ्याच महिन्यांनी परवानगी आली.

मिल्ड्युराला वॉरन नावाच्या माणसाचं बंदुकांचं दुकान आहे. दुरुस्तीही तोच करतो आणि गावाबाहेर त्याची स्वतःची रेंज आहे. त्याने तीन रायफली काउंटरवर ठेवल्या. मला पहिली आवडली. अक्रोडाचा दस्ता, त्यावर बारीक नक्षी. सुलोचनाने माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही द्राक्षं घेतानाही पेटीच बघता," ती म्हणाली.

ती एकेक रायफल उचलायची, डोळे मिटायची, खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायची. डोळा आपोआप दुर्बिणीच्या मागे आला तर ठीक. नाही आला तर खाली ठेवायची. वॉरन हाताची घडी घालून बघत होता. मग त्याने आम्हाला रेंजवर नेलं आणि सांगितलं की आता चांगल्या गोळ्यांनी नाही, स्वस्तातल्या गोळ्यांनी मारून बघ. नक्षीवाली लगेच अडकली. दुसरीचा नेम तिघींत उत्तम होता, पण दर मॅगझिनला एखादी गोळी तिच्या तोंडात तिरकी बसायची. तिसरी कोणाची तरी वापरलेली होती. दस्ता काळ्या प्लास्टिकचा, दिसायला पाण्याच्या पाइपासारखी. तिला काहीही घाला, ती खायची. आधीच्या मालकाने तिला जाड नळी बसवून घेतली होती आणि नळीचं तोंड आतून वाटीसारखं खोलगट करून घेतलं होतं. गोळी नळीतून बाहेर पडते त्या कडेला धक्का लागू नये म्हणून तसं करतात, असं वॉरनने समजावलं. सुलोचनाने तीच घेतली आणि आधीची बोल्टची वॉरनला देऊन टाकली.

घरी आणल्यावर तिने वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या आणून पन्नास मीटरवर कागद लावला. प्रत्येक रायफलला आपली आवड असते, म्हणाली. माझ्या आईसारखी, मी म्हटलं. शेवटी एका मधल्या किमतीच्या गोळीवर जमलं. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून पाच गोळ्या मारल्या की पाचही भोकं एक डॉलरच्या नाण्याखाली झाकली जायची. ती खरोखर नाणं ठेवून बघायची. सशांचा प्रश्न एका हंगामात आटोक्यात आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही इथेही हत्यारांची पूजा करायचो. पाटावर छाटणीच्या कात्र्या, कलमाचा चाकू, फवारणीचे नोझल, पान्हे. ट्रॅक्टरला झेंडूची माळ. झेंडू सुलोचना स्वतः लावायची, कारण इथे विकत घ्यायला गेलं की कुंडीसकट घ्यावा लागतो. आणि रायफलही. मॅगझिन काढलेलं, खटका मागे अडकवलेला, आत गोळी नाही हे दोनदा बघितलेलं. ती पाटाच्या कडेला आडवी. प्रत्येक हत्याराला सुलोचना ओलं कुंकू लावायची, वर चार अक्षता. कात्रीच्या पात्याला, पान्ह्याच्या डोक्याला आणि रायफलच्या नळीच्या तोंडाला. मग आरती, गूळखोबरं, मुलीला पाठवायला फोटो. दुसऱ्या दिवशी मी सगळी हत्यारं पुसून तेल लावायचो. रायफल तीच पुसायची आणि तिजोरीत ठेवायची.

तीन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या संध्याकाळी नाशिकहून फोन आला की तिच्या वडिलांचं काही खरं नाही. तिने रायफल तशीच तिजोरीत ठेवली. पहाटे आम्ही विमानतळाच्या वाटेला लागलो.

तिच्या वडिलांना कंपवात होता. अठरा वर्षं. त्यांचं अक्षर शाळेत नावाजलेलं होतं, फळ्यावर लिहिलं की छापल्यासारखं. सुरुवात अक्षरापासूनच झाली. मग चमचा, मग बटण, मग सगळंच. सुलोचना शेवटचे सहा आठवडे त्यांच्या उशाशी होती. मी मधेच परत आलो, फवारण्या होत्या. ती सगळं उरकून आली तेव्हा बागेत नवे घड दिसायला लागले होते आणि ससेही.

आल्यावर तिने नेम तपासायला कागद लावला. पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत विखुरल्या.

आधी तिने रायफललाच दोष दिला. गोळ्यांचा नवा बॉक्स आणला. दुर्बिणीचे स्क्रू काढून पुन्हा कसले. मग दुर्बीणच बदलली. नळीतून मागून दोरी ओढून साफ केली. फरक पडला नाही. एक दिवस ती रेंजवरून, म्हणजे आमच्या बांधापलीकडच्या मोकळ्या जागेतून आली आणि हात धुताना म्हणाली की हात हलतोय. मी म्हटलं, वडिलांचं दुःख आहे, झोप नाही.

नंतर एकदा तिने हात पुढे करून बोटांवर कागद ठेवला. कागदाची कड थोडी थरथरली. मी माझ्या हातावर ठेवून बघितला. माझीही थरथरली. ती म्हणाली, तुम्ही मुद्दाम हलवताय.

मी यंत्रांचा माणूस नाही, पण लाकूड मला कळतं. हात हलत असेल तर रायफल हाताला सोपी करू, असं मी ठरवलं. पुढची दोन वर्षं आम्ही त्या रायफलवर काम केलं. काम करताना मला बरं वाटायचं, हे खरं आहे. चाप दाबताना जोर लागतो आणि त्या जोराने नेम हलतो, म्हणून चाप हलका करायचा ठरलं. चापाचा सगळा भाग दोन पिना काढल्या की खाली सुटून येतो. तेवढाच तिने वॉरनकडे नेला आणि हलका करून आणला. खटक्याची मूठ छोटी होती, ती लांब बसवली. मॅगझिन सोडायचं बटण मोठं केलं. काळा दस्ता काढून मी बाभळीसारख्या इथल्या एका जड लाकडाचा नवा घडवला. लोखंड तिच्या ताब्यात, लाकूड माझ्या ताब्यात, अशी आमची वाटणी. ती फक्त लाकूड सोडवून माझ्याकडे द्यायची. तिचा हात लांबीला कमी, म्हणून मागची बाजू आखूड केली. गाल टेकतो तिथे लाकूड वर ठेवलं आणि रंधा मारत, पॉलिश पेपर लावत थोडं थोडं उतरवलं. ती दिवसातून दोनदा शेडमध्ये यायची, नुसतं लाकूड गालाला लावून डोळे मिटायची आणि म्हणायची, अजून केसभर. पुढच्या भागात मी शिसं भरलं, वजनाने नळी स्थिर राहावी म्हणून.

प्रत्येक बदलानंतर पहिल्या दिवशी थोडं बरं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बशी.

पिशवीवर टेकवूनही गोळ्या विखुरत होत्या. हाताचा दोष असता तर पिशवीवर तरी कमी व्हायला हवा होता. आज हे मला दिसतं. तिला तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळत होतं. पण ती वडिलांच्या उशाशी बसून आली होती. तिला उत्तर आधीच मिळालं होतं, रायफल फक्त ते पुन्हा पुन्हा सांगत होती.

वॉरन म्हणाला होता, स्यू, एकदा अख्खी रायफल घेऊन ये, मी मारून बघतो. तो तिला स्यू म्हणायचा. ती नेते म्हणाली आणि नेली नाही. मी आग्रह केला तेव्हा तिने एकदाच स्पष्ट सांगितलं.

"अहो, त्याने मारली आणि पाचही एका जागी गेल्या तर मग काय उरलं? आत्ता निदान मला शंका तरी घेता येते."

मला वाटलं, तिचं बरोबर आहे. दुसरं कोणी ती रायफल चालवू शकत नव्हतं. माझ्याकडे लायसन्स नव्हतं, नाहीतर मी तरी एक दिवस मारून बघितली असती.

आम्ही ॲडलेडला एका स्पेशालिस्टकडे गेलो. त्याने तिला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, गोल काढायला लावले. सध्या काही लक्षण दिसत नाही, म्हणाला, सहा महिन्यांनी या. बाहेर आल्यावर ती म्हणाली, बाबांनाही पहिल्यांदा असंच सांगितलं होतं. दुसऱ्यांदा ती गेली नाही.

तिने पाचर कलमं बांधायचं सोडलं. आमच्या बागेतली निम्मी कलमं तिच्या हातची होती, शंभरातली दोन-चार जेमतेम मरायची. आता चाकू माझ्याकडे दिला. कोणाकडे गेली की चहा नको म्हणायची. घरी मोठा मग दोन्ही हातांनी धरायची. मी हळूच बघायचो. मला कधी हात हलताना दिसायचा, कधी नाही. एखाद्याच्या हाताकडे असं टक लावून बघत बसलं की कोणाचाही हात हलताना दिसतो.

स्वरदा इथून सहा तासांवर ट्रुगानिनाला राहते, नवरा हृषिकेश आयटीत. दीड वर्षापूर्वी तिला मुलगा झाला, रुद्र. सुलोचना बाळंतपणाला गेली. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक, शेगडी, सगळं केलं. फक्त बाळाला मांडीवर घेतलं नाही आणि न्हाऊ घातलं नाही. पाटावर पाय पसरून, बाळाला नडगीवर पालथं घेऊन, तेल लावून न्हाऊ घालायचं तसं. स्वरदाने मुद्दाम तसा बसका पाट शोधून आणला होता. सुलोचना म्हणाली, नर्सने टबात शिकवलंय तसं घाल, इकडची मुलं तशीच वाढतात. दुसऱ्या कोणाच्या आईने असं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण हे हाताचं सुरू व्हायच्या आधी सुलोचनाने स्वरदाच्या घराजवळच्या पॉइंट कुकच्या मंजिरीच्या जुळ्यांना महिनाभर न्हाऊ घातलं होतं, तिथे मुक्काम करून. मंजिरी स्वरदाची मैत्रीण. स्वरदा तेव्हा तिथे बसून शिकत होती.

मी फोनवर म्हटलं, मुलीला सांग खरं काय ते. त्यावर सुलोचना म्हणाली, "मी बाबांचे हात बघत अठरा वर्षं काढली. तिने माझे बघायला नकोत. आणि मग स्वतःचे बघत बसेल. तुम्हाला माझी शपथ आहे."

मी शपथ पाळली.

अंत्यविधी मिल्ड्युरातच झाला. तेराव्यानंतर स्वरदा आईचे कपडे आवरत होती. मराठी मंडळात नेसायच्या साड्या एका बाजूला, बागेतले जाड शर्ट दुसऱ्या बाजूला. रुद्र साड्यांच्या ढिगावर झोपला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, आईला रुद्र आवडत नव्हता का?"

मी म्हटलं, असं कसं म्हणतेस.

"मग तिने त्याला एकदाही मांडीवर का नाही घेतलं? बसूनसुद्धा नाही. मंजिरीच्या दोघांना घेतलं. तू होतास का तिथे? मी बघितलंय. शी वॉज लाफिंग. दोघांना एकदम."

मी म्हटलं, थकली होती ती. स्वरदा म्हणाली, थकली नव्हती, लाडू वळत होती दिवसभर. मग ती शर्टांच्या घड्या घालत राहिली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण शपथ होती, आणि मला वाटलं, आजार होता हे आता कळून मुलीला काय मिळणार. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहील, सुलोचनाने म्हटलं होतं तसं.

दोन दिवसांनी हेदर आली. मी डब्यामागून किल्ली काढून दिली. तिने तिजोरी उघडली, रायफल बाहेर काढली, रिकामी असल्याची खात्री केली आणि वॉरनकडे ठेवायला घेऊन गेली. विकायची की मोडीत द्यायची ते निवांत ठरव, म्हणाली. दस्त्याच्या लाकडाकडे बघून तिने विचारलं, हे तू केलंस का. मी हो म्हटलं.

महिनाभराने वॉरनचा फोन आला. म्हणाला, विकायच्या आधी तपासावी म्हणून मी ही रायफल शिकंज्यात घट्ट धरून मारून बघितली. माणसाचा हातच नाही लागला. तरी गोळ्या बशीभर विखुरतात. ही घेऊन स्यू नेम कसा लावत होती?

मी फोन ठेवला आणि तसाच निघालो. रस्ता वीस मिनिटांचा, पण मला तो आठवत नाही.

वॉरनने रायफल टेबलावर आडवी ठेवली होती, नळीचं तोंड माझ्याकडे. वर दिवा आणि हातात भिंग. म्हणाला, बघ. मी बघितलं. खोलगट तोंडाच्या आत, भोकाच्या कडेला एका बाजूला बारीक खड्डे पडले होते. गंज. गोळी बाहेर पडताना मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो, दर वेळी वेगळ्या दिशेला. वॉरन हे सांगत होता. मी त्या वाटीच्या कोपऱ्यातला लाल कण बघत होतो. त्याने सुईने तो उकरून पांढऱ्या कापडावर ठेवला होता. म्हणाला, हे काय आहे समजत नाही, रंग नाही, आणि हा बघ, तांदूळ असावा.

मी बोटाने तो दाणा उलटवून बघितला. अक्षत होती.

नळीच्या तोंडाकडे कधीही बघायचं नाही, हे एन.सी.सी.त पहिल्या दिवशी शिकवतात. सुलोचना मलाही दटावायची, दस्ता देताना नळी जवळ नसली तरी. ती कुंकूसुद्धा बाजूने हात घालून, अंदाजाने लावायची. दर वर्षी दुसऱ्या दिवशी पुसून तेल लावायची. त्या वर्षी आम्ही पहाटे निघालो होतो. ओलं कुंकू त्या वाटीत सहा आठवडे राहिलं. परत आल्यावर तिने वरवर पुसलं असणार. आतला कोपरा कोणाला दिसणार.

वॉरनने विचारलं, तुला माहीत आहे का हे काय आहे? मी सांगितलं की आमच्यात ज्याच्यावर पोट चालतं त्याची वर्षातून एकदा पूजा करतात, हे त्याचं आहे. तो हसला नाही. म्हणाला, "हे अर्ध्या तासाचं काम होतं, शिवराम. तिने आणली असती तर तिच्यासमोरच करून दिलं असतं."

त्याने माझ्यासमोर ते केलं. नळीचं टोक थोडं कापलं, नवी कड काढली. मग आम्ही रेंजवर गेलो. शिकंजा लावला नाही. वॉरन उंच माणूस, सुलोचनाच्या मापाचा दस्ता त्याच्या खांद्याला लागेना. तो अवघडून, मान वाकवून बसला आणि पाच गोळ्या मारल्या. मग कागद काढून आणला आणि माझ्या हातात दिला. मी खिशातून नाणं काढलं नाही. बघूनच कळत होतं.

तिच्या हाताला काहीच झालं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ते आता कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित पुढे झालंही असतं. पण त्या दोन वर्षांत तिच्याविरुद्ध जो एकमेव पुरावा होता, तो खोटा होता. बाकी डॉक्टरने नाही म्हटलं होतं, आणि कागदाची कड तर माझ्याही बोटांवर थरथरत होती. आम्ही चाप हलका केला, दस्ता बदलला, शिसं भरलं, सगळं तिच्या हातासाठी. जिथे बिघडलं होतं तेवढी बोटाच्या पेराएवढी जागा सोडून बाकी सगळी रायफल आम्ही सुधारली. आणि ती तेवढ्यावर आपल्या नातवाला हात न लावता गेली.

मी तो कागद गाडीत ठेवला आणि पुढच्या शनिवारी ट्रुगानिनाला गेलो. शपथ कशासाठी घातली होती? आजारासाठी. आजारच नव्हता तर शपथ सुटली, असं मी वाटेत मनाशी पक्कं केलं. ओयन, चार्ल्टन, बेंडिगो, सगळ्या रस्त्यात वाक्यं जुळवत गेलो. आईला भीती होती. तुझ्या मुलाला तिच्या हातून काही होईल अशी. म्हणून. एवढंच आधी सांगायचं, रायफलचं मग.

हृषिकेश घरी नव्हता. स्वरदा रुद्रला टबात बसवून आंघोळ घालत होती. त्याला आता टबात राहवत नाही, उभा राहतो आणि पाणी बाहेर मारतो. मी दारात उभा राहिलो. म्हटलं, स्वरदा, आईबद्दल थोडं बोलायचं होतं. त्या न्हाऊ घालण्यावरून.

तिने मान वर केली नाही. तिचा चेहरा मला आरशात दिसत होता.

"बाबा, नको ना," ती म्हणाली. "मी बोललेय त्याच्यावर. काउन्सेलरकडे जात होते, तुला सांगितलं नव्हतं. आय वॉज सो अँग्री. आता नाहीये. काही आयांना नाही जमत, तिला माझ्या वेळी नाही जमलं, दॅट्स ऑल. मी तिला माफ केलंय. खरंच. परत उघडू नकोस."

मी म्हटलं, तसं नाही गं.

"प्लीज," ती म्हणाली. मग रुद्रने तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि ती हसली. मला म्हणाली, टॉवेल दे.

मी टॉवेल दिला. तिने रुद्रला त्यात गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि टब रिकामा करायला वाकली. मी त्याचं डोकं पुसत उभा राहिलो. जेवताना तिने बागेचं विचारलं, मी छाटणीचं सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. कागद गाडीच्या खणात होता तसाच राहिला.

तिने आईला माफ केलंय. आईने जे केलंच नाही त्यासाठी. हे मी गेले तीन महिने मनात फिरवतो आहे. सांगितलं तर तिला आई परत मिळेल, पण तिला हेही कळेल की आई दोन वर्षं विनाकारण घाबरून जगली आणि मी शेजारी बसून लाकूड घासत होतो. नाही सांगितलं तर तिचं ठीक चाललं आहे, आणि सुलोचना तिच्या हिशेबात कायमची अशी बाई राहील जिला स्वतःचा नातू जड झाला. फोन दर रविवारी होतो. ती रुद्रला कॅमेऱ्यासमोर धरते, तो मला अबा म्हणतो. दर रविवारी मी ठरवतो.

रायफल वॉरनने जवळच्याच मरबीनच्या एका बाईला विकली. तिचीही बाग आहे आणि तिचाही हात आखूड आहे. दस्ता जसा होता तसाच बसला, असं वॉरन म्हणाला. मी त्याला बरं म्हटलं.

स्वरदाला मी अजून काहीही सांगितलेलं नाही.